एक लहान मुलगी हजर

नोकरीच्या साऱ्या वर्षांत माझ्या येण्यानं कुणाला आनंद झाल्याचं मला आठवत नाही. मी कोर्टाचा बेलिफ होतो. बेलिफ म्हणजे समन्स आणि नोटिसा लोकांच्या दारात नेऊन हातात देणारा माणूस. पोस्टमनची लोक वाट बघतात. त्याच्या थैलीत कधी राखी असते, कधी नोकरीचं पत्र असतं. माझ्या थैलीत तसलं काही नसायचं. मी एसटीतून तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, उतरलो की पोरं गावात धावत सुटायची, "कागदवाला आला, कागदवाला आला!" मी पहिल्या घरापाशी पोचेपर्यंत निम्मे पुरुष शेतावर गेलेले असत. धानाची रोवणी नसताना, कापणी नसताना.

एक म्हातारी मात्र माझी वाट बघायची. तिच्याबद्दलच लिहायला बसलो आहे. पण माझं काम काय होतं हे ठाऊक नसलं तर ती माझी वाट का बघायची हे कळणार नाही, म्हणून थोडं मागून सुरू करतो.

आमच्या भंडारा जिल्ह्यात एक समजूत पक्की होती. कागद हातात घेतला की केस हरली, आणि नाही घेतला की केस नाहीच. मोठमोठी शहाणी माणसं माझ्यापुढे हात पाठीमागे बांधून उभी राहत. "माह्या हातात कागद नाई, त मी केसमंदी नाई," असं एकानं मला छातीठोकपणे सांगितलं होतं. आता समन्स म्हणजे काही निकाल नव्हे, ते नुसतं बोलावणं असतं. तुम्ही घेतलं नाही तर बेलिफ ते दारावर चिकटवतो, शेजारच्या दोघांच्या सह्या घेतो, आणि कायद्याच्या हिशेबी ते तुम्हाला मिळालेलंच असतं. मग तारखेला तुम्ही गैरहजर, आणि तुमच्या पाठीमागे निकाल एकतर्फी लागतो. मांजरानं डोळे मिटून दूध प्यायलं म्हणून जग आंधळं होत नाही.

लाखांदूरकडच्या एका गावात तर एक शेतकरी ढोलीत लपले. ढोली म्हणजे धान साठवायची बांबूची मोठी कणगी. बायको दारात येऊन म्हणाली, "नागपूरले गेले जी." तेवढ्यात ढोली शिंकली. मी ओसरीवर बसलो, पाणी मागितलं आणि ढोलीला ऐकू जाईल अशा आवाजात समन्स वाचायला घेतलं. सख्ख्या भावानं शेताची वाटणी मागितली होती, आणि यांचा अर्धा हिस्सा त्यात त्यानं कबूलच केला होता. ढोलीतून आवाज आला, "मंग हे पयलेच सांगाचं ना जी!" बाहेर आले तेव्हा भुवयांपर्यंत कोंडा होता. सही मात्र झोकात केली.

उलट मोहाडीचे एक गृहस्थ तुरुंगातच जायचं या समजुतीनं कोर्टात वळकटी, तांब्या आणि ताट घेऊन हजर झाले होते. मी दिलेल्या समन्सवर त्यांचं नाव होतं, एवढंच त्यांनी पाहिलं. नावाखाली 'साक्षीदार' असं लिहिलं होतं ते कुणी वाचून दाखवलं नाही. शेजाऱ्याच्या भांडणात काय पाहिलं तेवढं सांगून घरी जायचं होतं. ते कळल्यावर मटकन खाली बसले. "बायकोले तं माहेरी धाडून देल्लं ना बाप्पा, बारा भानगडी झाल्या!"

हे सगळं टाळता येण्यासारखं होतं, याचंच मला वाईट वाटायचं. आमच्या कोर्टाच्या व्हरांड्यात पिण्याच्या पाण्याच्या टाकीला लागून एक फळा होता. मोफत कायदेशीर मदत, असं त्यावर लिहिलेलं. बाईमाणसाला, लहान मुलाला, अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला, कोठडीत असलेल्याला वकील फुकट मिळतो, मग कमाई कितीही असो. बाकीच्यांना कमाईची अट आहे. शेजारच्या खोलीत टेबल आणि टेबलावर मराठीतल्या पुस्तिका, त्याही फुकट. आणि पाण्याची रांग त्या फळ्याकडे पाठ करून उभी असायची. ज्यांनी वाचलं ते म्हणत, "फुकटचा वकील सामनेवाल्याले जाऊन मिळते." फुकट मिळालेल्या वस्तूवर आपल्याकडे कुणाचा विश्वास बसत नाही.

बेलिफानं सल्ला द्यायचा नसतो. तो नियम मी पाळला. मी सल्ला कधी दिला नाही, मी फक्त फळ्याकडे बोट दाखवलं. माझे वडील मजूर होते, छप्पन साली दीक्षेला नागपूरला पायी गेलेल्यांपैकी. मला चौथीत पहिलं बक्षीस मिळालं तेव्हा ते म्हणाले होते, "तुले वाचता येते ना, मंग ज्याले येत नाई त्याले वाचून दाखवत जाय." बक्षिसाचं पुस्तक कुठं गेलं माहीत नाही, ते वाक्य राहिलं.

कौसल्याबाई मला पहिल्यांदा त्या पाण्याच्या टाकीपाशीच भेटल्या. मोहाडी तालुक्यातल्या शेतकरी बाई, हिरवं लुगडं, अंगानं इतक्या ठेंगण्या की टाकीच्या तोटीखाली त्यांना वाकावं लागत नव्हतं. खाकी कपडे पाहून मला म्हणाल्या, "भाऊ, नातनीले भेटाचा कायदा असते का जी?"

मी सवयीनं फळ्याकडे बोट दाखवलं.

"मले वाचता नाई येत. तुमीच वाचा."

मी वाचलं. सगळं, खालच्या बारीक अक्षरांसकट. मग त्यांना शेजारच्या खोलीत टेबलापर्यंत नेलं. तिथं त्यांनी जे सांगितलं ते एवढंच होतं: एकुलती एक मुलगी तापानं गेली. तिची पोर, रोशनी, तेव्हा चालायला लागली होती. जावयानं दुसरं लग्न केलं, आणि पोर नव्या आईला रुळावी म्हणून आजोळ बंद केलं. कौसल्याबाई दोनदा गेल्या तर त्यांना दारातूनच परत पाठवलं. आता पोर पाच वर्षांची होत आली होती.

"पोट्टी मले नको," त्या टेबलावरच्या माणसाला पुन्हा पुन्हा सांगत होत्या. "तिथंच राहू द्या. मले फक्त पाहाची आहे."

त्यांना फुकटची वकील मिळाली. नवीनच सनद घेतलेली मुलगी होती, आम्ही तिला वकीलबाई म्हणायचो. ती काही सामनेवाल्याला जाऊन मिळाली नाही. तिनं ताबा न मागता फक्त भेटीचा अर्ज केला, जावयाच्या नावे नोटीस निघाली आणि ती माझ्या थैलीत आली. जावयाचं गाव भंडाऱ्याजवळच्या शहापूरच्या पुढे, हायवे सोडून आत.

पहिल्यांदा गेलो तेव्हा जावई घरी नव्हता. त्याची आई दारात आली, नोटीस पाहून तिनं दोन्ही हात पदराखाली घेतले. अंगणात एक लहान मुलगी कोंबडीच्या पिलांना कनकी, म्हणजे तांदळाची कणी, टाकत होती. मी ओसरीवर बसून अहवाल लिहिला. अहवालाची भाषा ठरलेली असते: 'प्रतिवादी घरी मिळून आले नाहीत. त्यांच्या आईने नोटीस घेण्यास नकार दिला.' त्यात मध्येच मी लिहून गेलो, 'घरी त्यांची आई व एक लहान मुलगी हजर.' लहान मुलीला नोटीस देता येत नाही, तेव्हा तिची नोंद करायचं काही कारण नव्हतं. लहान पोरीचा प्रश्न होता, एकतर्फी निकाल नको, म्हणून ती दारावर न चिकटवता कोर्टानं नोटीस पुन्हा काढायला आणि जावयाच्याच हातात द्यायला सांगितली.

दुसऱ्या दिवशी कौसल्याबाई व्हरांड्यात माझी वाट बघत होत्या.

"दिसली का जी?"

मी म्हटलं, "नाही लागली नोटीस. जावई भेटला नाही, पुन्हा जावं लागेल."

"नोटीसचं कोन विचारून राह्यलं? पोट्टी दिसली का?"

मी गडबडलो. माझ्या धंद्यात माणूस दिसला की नाही एवढंच बघायचं असतं. कसा दिसला, हे कुणी विचारत नाही. मी आठवून आठवून सांगितलं. पिवळा झगा होता. अंगानं बारीक आहे. पिलांना दाणे टाकताना त्यांच्याशी बोलत होती.

"केवढी झाली जी?"

व्हरांड्याच्या खांबापाशी मी हात आडवा धरला. "एवढी."

कौसल्याबाई पुढे आल्या आणि माझ्या हाताखाली त्यांनी आपला हात धरला, तळवा खाली करून, जसा डोक्यावर ठेवतात तसा. मी माझा हात काढून घेतला तरी त्यांचा तिथंच होता. माणसं पाणी पिऊन जात होती, वकील येत-जात होते. मला तिथून हलावंसं वाटेना.

त्यानंतर मी त्या गावाला जायचो तो वेगळा जायचो, हे कबूल केलं पाहिजे. अंगणात शिरलो की नजर आधी दाराकडे न जाता पोरीकडे जायची. पुढचा दात पडला आहे. केस वाढलेत, दोन वेण्या येतात, पण एक वर आणि एक खाली. माझ्या थैलीची तिला भीती वाटत नाही, एकदा तिनं आत डोकावून विचारलं, "यात काय आहे?" मी म्हटलं, "कागद." ती म्हणाली, "कोरे आहेत का? चित्र काढाले?" हे सगळं मी परत येऊन सांगायचो आणि कौसल्याबाई तोंडाला पदर लावून ऐकायच्या. वेण्यांचं ऐकून त्या चिडल्या. "एक वर, एक खाली? हात काही दुखते का त्यांचे, सारख्या घालाले?" मग लगेच म्हणाल्या, "पन घालतेत ना. बरं आहे."

मागे वळून पाहतो तेव्हा वाटतं, माझ्या थैलीतून कुणाला हवं असलेलं काही गेलं असेल तर ते एवढंच. आणि ते सरकारनं माझ्याकडे दिलेलंच नव्हतं.

नोटीस शेवटी लागली ती रोशनीमुळे. एकदा मी अंगणात उभा असताना जावयाच्या आईनं नेहमीप्रमाणे सांगितलं, "तो परगावी आहे, कई येते नाई माहीत." पोर मागून म्हणाली, "परगावी कुठी? बाबा तं मिलमंदी आहेत." त्या बाईनं डोळे वटारले, पण पोरीला कळेना आपलं काय चुकलं. मी तसाच राईस मिलवर गेलो आणि जावयाच्या हातात नोटीस दिली. त्यानं मुकाट्यानं सही केली. हात कोंड्यानं भरलेले, अंगठ्याचा ठसाही सहीशेजारी उमटला. मला म्हणाला, "मी काही वाईट नाई जी. आजीले पाहून पोरगी मायसाठी रडन, तं मी काय करू?" मी त्याला कोर्टातला तो फळा सांगितला आणि तारखेला यायला सांगितलं.

मी खुशीत परतलो. व्हरांड्यात कौसल्याबाई होत्याच. "लागली नोटीस," मी म्हटलं. "तुमच्या नातीनंच खरं सांगितलं म्हणून लागली."

त्या हसल्या, आणि मग त्यांचा चेहरा उतरला.

"म्हंजे आता तुमी जानार नाई?"

नोटीस लागली की बेलिफाचं काम संपतं. मला त्या अंगणात जायला आता काही निमित्त उरलं नव्हतं. पुढं काय होतं ते त्यांना नीट समजावून सांगितलं: जावई हजर होईल, उत्तर देईल, दोघांना समोरासमोर बसवतील, भेट ठरेल. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "हाव जी," म्हणाल्या. "पन तोवर मले कोन सांगन?"

तारखा पडत गेल्या. जावयाच्या वकिलानं मुदत मागितली, मग कधी कोर्टाला सुटी, कधी काही. कौसल्याबाई मोहाडीच्या एसटीनं येत, पुकारा होईपर्यंत त्या खांबाला टेकून बसत आणि पुढची तारीख घेऊन जात. पावसाळ्यात एका तारखेला त्यांनी वकीलबाईंना एक प्रश्न विचारला. तान्ह्या पोळ्याला त्या गावात जाऊन उभं राहिलं तर कोर्ट रागवेल का?

आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लहान मुलांचा पोळा असतो. पोरं लाकडाचे बैल सजवून, चाकांवर ओढत गावभर मिरवतात आणि मोठी माणसं त्यांना बोजारा देतात, म्हणजे काहीबाही खाऊ, भेट. कुणाच्याही पोराला कुणीही द्यावा. त्या दिवशी पोर कुणाचं, हे कुणी विचारत नाही. वकीलबाईंनी विचार केला आणि अगदी गंभीरपणे सांगितलं, "रस्ता सगळ्यांचा आहे. रस्त्यावर उभं राहून पोरांना बोजारा द्यायला कुठल्याही कायद्यात मनाई नाही." मोफत कायदेशीर माहिती म्हणतात ती हीच, आणि मी ऐकलेली सगळ्यात उत्तम.

पुढच्या तारखेला मी काही विचारायच्या आधीच कौसल्याबाईंनी मला हाताला धरून खांबापाशी नेलं. आता सांगायची पाळी त्यांची होती. डोक्यावरून पदर ओढून त्या गावच्या तलावाजवळ उभ्या राहिल्या होत्या. डबाभर करंज्या केल्या होत्या. कुणाला संशय येऊ नये म्हणून ओळीतल्या प्रत्येक पोराला एक-एक दिली. रोशनी आली, लाल झुलीचा बैल ओढत. तिच्या हातावर त्यांनी दोन ठेवल्या.

"तं काय म्हनाली माहीत आहे? म्हनाली, 'सब्बाले एकच देल्ली ना? मंग मले दोन कायले?' आन एक वापस देल्ली जी! माह्या हातावर ठेवली आन गेली." कौसल्याबाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या हसत होत्या. "लय इमानदार आहे पोट्टी. माह्या लेकीवर गेली."

"तुम्ही कोण ते सांगितलं नाही?"

"कायले सांगू? भेवली असती." मग त्यांनी लुगड्याच्या टोकाची गाठ सोडून मला ती करंजी दाखवली. वाळून तिचे काठ निघाले होते. "हे तिनं देल्ली आहे मले," त्या म्हणाल्या.

जावई समोरासमोर बसायला तयार झाला होता. महिन्यातून एकदा भेट, कोर्टाच्याच एका खोलीत, असं दोन्ही वकिलांचं बोलणं होत आलं होतं. धान कापणीच्या दिवसांत तारीख होती. पुकारा झाला, जावई उभा राहिला, कौसल्याबाईंचं नाव पुकारलं गेलं आणि कुणी आलं नाही. वकीलबाईंनी उठून सांगितलं, अर्जदार मागच्या आठवड्यात वारल्या. अर्जदार मयत, प्रकरण निकाली. जावई बराच वेळ व्हरांड्यात उभा होता. त्या खांबापाशी मला उभं राहवेना.

आता मी निवृत्त आहे. आठवड्यातून एक दिवस त्याच मोफत मदतीच्या टेबलावर स्वयंसेवक म्हणून बसतो. पूर्वी लोक कागदापासून पळायचे, आता मोबाईलमध्ये नको तितका कायदा भरून घेऊन येतात. अर्धा चुकीचा, अर्धा परराज्यातला. तरी चांगलंही पुष्कळ झालं आहे. कोर्टाच्या संकेतस्थळावर नाव टाकलं की आपल्या प्रकरणाची तारीख फुकट दिसते, ढोलीत लपायला कुणाला जागाच उरली नाही. मला मात्र ती दारं आठवतात. पाळीवरून उतरताना दिसणारे धानाचे बांध आठवतात, आणि ती पोरांची आरोळीसुद्धा. आता मी कुठंही गेलो तरी कुणी पळत नाही.

यंदाच्या पोळ्यानंतर शहापूरकडून एक मुलगी आली, पाठीवर कॉलेजची बॅग. टेबलापुढे बसली आणि सांगू लागली. वडिलांच्या शेताच्या एका प्रकरणाची तारीख बघायला तिनं मोबाईलवर त्यांचं नाव टाकलं, तर आणखी एक जुनं, निकाली निघालेलं प्रकरण दिसलं. समोरच्या बाजूला एका बाईचं नाव होतं. वडिलांना विचारलं तर ते उठून बाहेर गेले. "मले लहानपनापासून सांगतलं होतं का आईकडचं कोनी नाई. कोनी कधी विचारलंच नाई म्हने." मग तिनं कोर्टात अर्ज करून त्या प्रकरणाची नक्कल काढली. ती वाचून इथं आली होती.

"यात बेलिफाची सही आहे. ते कुठी भेटतीन जी?"

मी म्हटलं, "मीच तो."

तिनं नक्कल माझ्यापुढे सरकवली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. अक्षर माझंच होतं. "हे 'एक लहान मुलगी हजर'... हे मीच ना?"

मी मान हलवली. मग मी तिला सगळं सांगितलं. कोंबडीची पिलं, एक वर आणि एक खाली अशा वेण्या, मिल, नोटीस, तान्हा पोळा, दोन करंज्या. परत दिलेल्या एका करंजीचं ऐकून ती एकदम स्तब्ध झाली. तिनं डोळे मिटून घेतले, कपाळ आवळलं, ओठ घट्ट दाबले. मी थांबलो. मला फार वाटत होतं, की आठवावं तिला.

"नाई आठवत काका," ती शेवटी म्हणाली. "थोडंबी नाई आठवत. लाल झुलीचा बैल आठवते, अजून आहे तो घरी. ते नाई आठवत."

आम्ही बाहेर व्हरांड्यात आलो. पाण्याची टाकी आता नवी आहे, फळाही नवा आहे, खांब तोच आहे. तिनं पाणी पिऊन तोंड पुसलं आणि मला विचारलं, "केवढी होती जी माही आजी?"

मी खांबापाशी हात आडवा धरला, माझ्या खांद्याच्या बराच खाली.

"एवढीच?" ती म्हणाली. मग पुढे आली, आणि माझ्या हाताखाली तिनं आपला हात धरला.